टॉडमॉर्डनचा ग्रीनवुड नेमका कोणता?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी लिहिते, चुकत असेल तर तिथेच अडवा. तुमच्या सासूबाईंचे पणजोबा इंग्लंडहून आले आणि मुंबईच्या एका कापड गिरणीत विव्हिंग मास्टर, म्हणजे विणकाम खात्याचे प्रमुख, झाले. त्यांच्या मुंबईतल्या लग्नाच्या नोंदीची प्रत तुमच्याकडे आहे. साल १८८७, वय २६, अविवाहित, राहणार भायखळा, आडनाव ग्रीनवुड, आणि वडिलांचं नाव. घरात सगळे सांगतात की ते ‘टॉडमॉर्डन, लँकेशायर’चे. तुम्ही वर्षभर लँकेशायरच्या चर्चच्या नोंदी धुंडाळल्या. कधी काहीच हाती लागलं नाही, कधी एकाच नावाची सात-आठ मुलं एकदम समोर आली. म्हणून तुम्ही विचारताय की टॉडमॉर्डनचं पॅरिश रजिस्टर (चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाची वही) नेमकं कुठे आहे आणि पुण्यात बसून ते कसं पाहायचं.

(पहिलं नाव इथे पुन्हा लिहीत नाही. टॉडमॉर्डनकडच्या दर तिसऱ्या ग्रीनवुडचं तेच नाव असतं, त्यामुळे लिहूनही फारसं काही साधणार नाही!)

वही कुठे आहे हा प्रश्न आज बराचसा सुटलेला आहे. बहुतेक जुन्या वह्या आता चर्चमध्ये नसतात, त्या त्या परगण्याच्या (काउंटीच्या) अभिलेखागारात असतात आणि त्यांच्या प्रतिमा घरबसल्या दिसतात. तुमचं अडलंय ते ओळखीपाशी. ज्या खोऱ्यात गल्लीगणिक ग्रीनवुड आहेत, तिथला तुमचा ग्रीनवुड कोणता? ते ठरल्याशिवाय वही उघडली की हवं ते नाव मिळतंच, आणि तीच खरी अडचण आहे. दुसरं म्हणजे, १८६०च्या सुमारास जन्मलेल्या माणसासाठी तुम्ही पॅरिश रजिस्टरकडे दोन पिढ्या आधीच पोचलात. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि १८४१पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत प्रत्येक माणसाचं नाव येतं. तुमचं काम तिथून सुरू व्हायला हवं. चर्च नंतर येईल, आणि येईल तेव्हा त्याची खूप मदत होईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. लग्नाच्या नोंदीतलं वय खरं असेलच असं नाही. परदेशात नोकरीला आलेला तरुण दोन वर्षं इकडेतिकडे करतो. वडिलांचं नावही जपून घ्यायचं. विवाहबाह्य जन्म असेल तर आजोबांचं नाव किंवा सरळ काल्पनिक नावही लावलेलं सापडतं. शिवाय ‘टॉडमॉर्डनचे’ म्हणजे टॉडमॉर्डनलाच जन्मलेले, असंही धरू नका. मी मूळची इचलकरंजीची. मुंबईत कुणी विचारलं की आम्ही ‘कोल्हापूरकडचे’ म्हणून मोकळे होत असू. भायखळ्यात बसून वॉल्सडेन किंवा मँकिनहोल्स अशी वाडी-वस्तीची नावं कोण सांगत बसणार?

इचलकरंजीचा उल्लेख उगाच नाही केला. माझं बालपण मागांच्या खडखडाटात गेलं. धोटा, कांडी, सायझिंग हे शब्द मला शाळेच्या आधी आले. लग्नानंतर कॅल्डर नदीच्या या खोऱ्यात आले आणि पहिल्याच वर्षी एका जुन्या वहीत एकाखाली एक ‘वीव्हर, वीव्हर, वीव्हर’ असे धंदे लिहिलेले पाहिले. तेव्हापासून याच कामात आहे. काही वर्षं एका अभिलेखागाराच्या वाचनकक्षात वह्या काढून देण्याचं काम केलं, आता लोकांसाठी वंशावळी शोधते. तुमच्या पणजोबांसारखी माणसं मला बऱ्याचदा भेटतात. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि ती चालवायला, जुळवायला, शिकवायला लँकेशायरची माणसंही गेली. आपण ज्याला जॉबर म्हणायचो तशा कामाच्या माणसाला इथे लँकेशायर बाजूला ‘टॅकलर’ म्हणत, यॉर्कशायर बाजूला ‘ओव्हरलुकर’. जनगणनेत तरुणपणी हाच धंदा लिहिलेला दिसला तर कान टवकारा.

आता टॉडमॉर्डनबद्दल. तुमचं वर्ष वाया जाण्याचं मोठं कारण त्या गावाच्या भूगोलात आहे. हे गाव अगदी सीमेवर वसलेलं. लँकेशायर आणि यॉर्कशायरची जुनी हद्द गावाच्या मधून, पाण्याच्या प्रवाहासोबत जायची. १८७५ साली बांधलेला तिथला टाउन हॉल त्या प्रवाहावरच उभा आहे, म्हणजे इमारतीचा अर्धा भाग एका परगण्यात आणि अर्धा दुसऱ्यात. दर्शनी त्रिकोणात दोन्ही परगण्यांच्या प्रतीकांच्या दोन स्त्रियांच्या मूर्ती आहेत, अजून पाहायला मिळतात. १८८८पासून सगळं गाव यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे पश्चिम विभागात, गेलं. तुमचे पणजोबा त्याच्या आधी निघालेले, म्हणून घरात ‘लँकेशायर’ टिकून राहिलं असेल. ते बरोबरही असू शकेल, किंवा ते राहायचे नदीपलीकडे आणि सुताच्या धंद्यातल्या माणसाने सवयीने लँकेशायर म्हटलं असेल.

चर्चच्या हिशेबात हा फरक आणखी मोठा होतो. टॉडमॉर्डन आणि वॉल्सडेनची टाउनशिप (आपल्याकडचा मौजा म्हणा) रॉचडेलच्या पॅरिशमध्ये, आणि रॉचडेल चेस्टरच्या बिशपच्या हाताखाली. नदीपलीकडच्या स्टॅन्सफील्ड आणि लँगफील्ड या टाउनशिप हेप्टनस्टॉलच्या चर्चला जोडलेल्या, हेप्टनस्टॉल हॅलिफॅक्सच्या पॅरिशमध्ये, आणि हॅलिफॅक्स यॉर्कच्या आर्चबिशपकडे. एकाच बाजारपेठेत भेटणारी, एकाच गिरणीत राबणारी माणसं, पण त्यांच्या नोंदी दोन परगणे, दोन पॅरिश आणि दोन बिशपांत विभागलेल्या. दक्षिण इंग्लंडचं मार्गदर्शन वाचून आलेले लोक इथे हमखास फसतात. तिकडे एक गाव, एक चर्च, एक वही असा सरळ हिशेब असतो. उत्तरेकडे डोंगराळ, विरळ वस्तीचा मुलूख म्हणून पॅरिश अवाढव्य. हॅलिफॅक्स तर देशातल्या सर्वांत मोठ्या पॅरिशांपैकी एक. त्यांच्या पोटात छोटी दुय्यम चर्चं, ज्यांना चॅपलरी म्हणत, आणि रोजचा सगळा व्यवहार टाउनशिपवर. म्हणून माझा नेहमीचा पहिला प्रश्न असतो: टाउनशिप कोणती?

सरकारी जन्मनोंदीला मात्र या हद्दीची फिकीर नव्हती, आणि तुमच्यासाठी ती चांगली बातमी. १८३७पासून ‘टॉडमॉर्डन’ नावाचा एकच नोंदणी जिल्हा होता आणि त्यात नदीच्या दोन्ही बाजू येत. जन्मनोंदींच्या सूचीत तो वेस्ट रायडिंगच्या खंडांत सापडतो. १८५२नंतरच्या नोंदींवर ९-ए असा खंड क्रमांक दिसेल. म्हणजे या सूचीतही लँकेशायरपुरताच शोध लावलात तर नेमका हाच जिल्हा चाळणीतून गळेल.

आता कामाची पद्धत. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसची (जन्म-लग्न-मृत्यू नोंदणीच्या मुख्य कार्यालयाची) स्वतःची सूची त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, फक्त खातं उघडावं लागतं. इतरत्र मिळणाऱ्या जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११पासूनच येतं, या सूचीत ते अगदी १८३७पासून आहे. हा फरक लहान वाटतो, पण तुमचं प्रकरण त्यावरच उलगडेल. टॉडमॉर्डन जिल्हा, १८५८ ते १८६३, आडनाव ग्रीनवुड, आणि पणजोबांचं पहिलं नाव. जेवढे निघतील तेवढे सगळे एका कागदावर उतरवा, आईच्या माहेरच्या नावासकट. एकही गाळू नका. शेजारचे हॅलिफॅक्स, रॉचडेल, बर्नली हे जिल्हेही पाहून ठेवा.

पुढचं काम ‘माझा कोणता’ हे शोधायचं नाही. ‘कोणता नक्की नाही’ हे शोधत जायचं. या कामातलं नव्वद टक्के कौशल्य इथेच आहे. प्रत्येक उमेदवाराला काट मारण्याचा प्रयत्न करायचा. आधी मृत्यूंची सूची. त्या काळी लहान मुलं किती जात याचा अंदाज आपल्याला आज येत नाही. इथून डोंगर ओलांडला की हॉवर्थ गाव. तिथल्या आरोग्याबद्दल १८५० साली जो सरकारी अहवाल झाला त्यात मृत्यूचं सरासरी वय सव्वीसच्याही आत निघालं होतं, आणि चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं सहा वर्षांची होण्याआधी गेलेली. तेव्हा तुमच्या यादीतले दोन-तीन ग्रीनवुड पाळण्यातच गेलेले निघाले तर नवल नाही. या सूचीत १८६६च्या आधीच्या मृत्यूंनाही वय दिलेलं आहे, जुन्या सूचीत ते नाही. फक्त एक खोच आहे. तीन महिन्यांचं बाळ कधीकधी चुकून ‘वय ३’ असं चढलेलं असतं.

मग १८७१ची जनगणना. तुमचा मुलगा तेव्हा दहाच्या आसपास. गिरणीत अर्धा दिवस आणि शाळेत अर्धा दिवस जाणारी मुलं इथे असत, त्यांना ‘हाफ-टायमर’ म्हणत, आणि जनगणनेत ते लिहिलेलंही सापडतं. वडिलांचं नाव लग्नाच्या नोंदीशी जुळतं का पाहा. १८८१ला तो विशीत असेल, विणकर किंवा टॅकलर-ओव्हरलुकर. आणि आता खरी चाळणी: १८९१. तुमचे पणजोबा तेव्हा मुंबईत होते, म्हणजे इंग्लंडच्या जनगणनेत त्यांनी नसायला हवं. यादीतला जो ग्रीनवुड १८९१ला टॉडमॉर्डनमध्ये बायकोमुलांसह राहतोय तो बाद. जो १८८१ला आहे, १८९१ला नाही, आणि मधल्या काळात मेल्याचीही नोंद नाही, तो शिल्लक. गैरहजेरी हाही पुरावा असतो, फक्त ती सगळ्यांसाठी सारखी तपासलेली हवी.

तुमच्या प्रश्नात ओझरता आलेला एक तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटला. सासूबाईंच्या आजोबांचं, म्हणजे या विव्हिंग मास्टरांच्या मुलाचं, मधलं नाव ‘क्रॉस्ली’ होतं आणि ते का हे घरात कुणालाच माहीत नाही. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं, विषय संपला. इथे तसं नसतं. उत्तर इंग्लंडमध्ये आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मुलाला मधलं नाव म्हणून द्यायची जुनी रीत आहे, आणि क्रॉस्ली हे अस्सल याच भागातलं आडनाव. विव्हिंग मास्टरांच्या बायकोचं माहेरचं नाव क्रॉस्ली नसेल (ते तुमच्याच प्रतीत दिसेल), तर ते एक पिढी मागून, विव्हिंग मास्टरांच्या आईकडून आलेलं असू शकतं. यादीत ‘आईचं माहेर क्रॉस्ली’ असा एखादा ग्रीनवुड दिसला तर तो वर घ्या. पण तिथेच थांबू नका. या खोऱ्यात क्रॉस्लीही काही कमी नाहीत! बाकीच्यांवर काट मारून झाल्यावर तोच उरला तर त्या जन्मनोंदीची प्रत मागवा. छापील दाखल्यापेक्षा डिजिटल प्रत स्वस्त पडते, आणि त्यात जन्माचा पत्ता मिळतो. पत्ता मिळाला की टाउनशिप मिळाली.

काट मारण्यावर मी इतका जोर का देते ते सांगते, कारण मीही त्यात सपशेल आपटले आहे. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबासाठी सटक्लिफ आडनाव शोधत होते. १८०८चा बाप्तिस्मा सापडला. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, टाउनशिप बरोबर. मी आनंदाने त्याच्या मागे मागे तीन पिढ्या गेले. दोन हिवाळे त्यात गेले, वंशावळ छापून, चौकट करून त्यांच्या घरी लागली. नंतर दुसऱ्याच कामासाठी एका बाप्टिस्ट चॅपलची (अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघराची) दफननोंद वाचत होते आणि तिथे तोच मुलगा, त्याच बापाचा, त्याच वाडीचा, वय तीन वर्षं. मेलेल्या मुलाची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ मी त्यांच्या भिंतीवर टांगून आले होते. त्या घरी केलेला फोन मला अजून आठवतो. ज्याचा शोध होता तो त्याचा चुलतभाऊ निघाला, दोन वर्षांनी लहान. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की मी पहिल्यांदा त्याच नावाचं दफन शोधते.

त्या फजितीत आणखी एक धडा होता. दफन चर्चच्या वहीत नव्हतं, चॅपलच्या वहीत होतं. ‘पॅरिश रजिस्टर’ म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची, अँग्लिकन पंथाची वही. या खोऱ्यातले अर्धेअधिक लोक त्या चर्चचे नव्हतेच. हेप्टनस्टॉलला १७६४चं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपल आजही उभं आहे. बाप्टिस्टांची चॅपलं डोंगराच्या कुशीकुशीत. टॉडमॉर्डनचे मोठे गिरणीमालक फील्डन घराणं मुळात क्वेकर, नंतर युनिटेरियन झालं. त्यातलेच जॉन फील्डन हे दहा तासांच्या दिवसाचा १८४७चा कायदा घडवून आणणारे खासदार. बाप्टिस्ट लहान मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या घरातल्या मुलाचा बाप्तिस्मा शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही. त्यांच्या वहीत असते ती जन्माची नोंद. सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर चॅपलांच्या जुन्या वह्या मोठ्या प्रमाणात सरकारजमा झाल्या आणि आज त्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. प्रतिमा संकेतस्थळांवर मिळतात. चॅपलच्या घरातल्यांनाही १७५४ ते १८३७ या काळात लग्न मात्र अधिकृत चर्चमध्येच लावावं लागे, सूट फक्त क्वेकर आणि ज्यूंना. म्हणून एकाच कुटुंबाचे जन्म चॅपलच्या वहीत, लग्न हेप्टनस्टॉल, हॅलिफॅक्स किंवा रॉचडेलच्या चर्चमध्ये, आणि दफन पुन्हा तिसरीकडे असा प्रकार दिसतो.

तर विव्हिंग मास्टरांचे आईवडील कळले, आजी-आजोबा कळले, की तुम्ही १८३७च्या मागे जाल आणि पॅरिश रजिस्टरची पाळी येईल. वह्या ठेवायचा हुकूम १५३८चा, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा. १५९८पासून चामड्यावर नक्कल करायची आणि दर वर्षी बिशपकडे एक प्रत पाठवायची असं ठरलं. या ‘बिशपच्या नकला’ विसरू नका. मूळ वहीला वाळवी लागलेली असो, पान फाटलेलं असो, नक्कल दुसरीकडे शाबूत असू शकते. दोन्ही असतील तर दोन्ही पाहा, कारण नक्कल करताना कारकुनाने कधी नाव गाळलंय, तर कधी मूळ वहीत नसलेला धंदा मनाने जोडलाय. पुन्हा तीच हद्द: हेप्टनस्टॉल-हॅलिफॅक्सच्या जुन्या नकला यॉर्ककडे गेल्या, रॉचडेल-टॉडमॉर्डनच्या चेस्टरकडे.

माहितीची घनता काळानुसार बदलते. १८१३पासून छापील रकाने आले. बाप्तिस्म्यात आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. दफनात वय आणि ठिकाण. त्याआधी ‘अमक्याचा मुलगा, स्टॅन्सफील्ड’ एवढंच असू शकतं, आईचा पत्ताच नाही. १७५४नंतरच्या लग्नांवर सह्या किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली असते आणि साक्षीदार असतात. साक्षीदारांची नावं नेहमी उतरवून घ्या, त्यांत भाऊ-मेहुणे सापडतात. १६४२ ते १६६० यादवी युद्ध आणि कॉमनवेल्थचा, म्हणजे राजाविना राज्याचा, काळ, तिथे वह्यांत भगदाडं आहेत.

तारखांचं एक गमतीदार खूळ आहे. १७५२च्या आधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणजे डिसेंबर १७३०नंतरचा जानेवारीही १७३०चाच. डिसेंबरात लग्न आणि ‘त्याच वर्षी’ फेब्रुवारीत मूल दिसलं तर घोटाळा उलटाही असू शकतो: मूल लग्नाच्या दहा महिने आधीचं नाही, दोन महिन्यांनंतरचं. शिवजयंतीच्या तारखेवर आपण किती वाद घालतो! त्या १९ फेब्रुवारी १६३० रोजी हेप्टनस्टॉलच्या पाद्रीने बाप्तिस्मा नोंदवला असता तर वर्ष १६२९ लिहिलं असतं. त्यामुळे मी तारीख उतरवताना १७३०/३१ अशी दोन्ही वर्षं लिहिते.

जुन्या वह्यांत लॅटिनही येतं. जेम्सचा जाकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस. घाबरू नका, दहा-पंधरा शब्द पाठ झाले की काम चालतं. खरा त्रास अक्षराचा. मोडी शिकलेल्यांना मी सांगते की तीच युक्ती लावा. शब्द वाचायचा हट्ट सोडायचा, त्याच हाताने लिहिलेली ओळखीची नावं शोधायची, त्यांतून त्या कारकुनाची बाराखडी बनवायची. आणि नाव कानाने ऐकून लिहिलेलं असतं हे लक्षात ठेवा. एक्रॉइड आडनावाची मी डझनभर रूपं पाहिली आहेत. ग्रीनवुडचं त्या मानाने बरं आहे.

एक खंत सांगून टाकते. १७७०च्या दशकात यॉर्कचे विल्यम डेड नावाचे पाद्री होते. त्यांनी असा नमुना काढला की बाप्तिस्म्याच्या एकाच ओळीत मुलाचे आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबाही यावेत. ज्या पॅरिशांत तो चालला तिथे एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात. डरहॅमकडेही १७९८ ते १८१२ असाच भरगच्च नमुना होता. पण हॅलिफॅक्ससारख्या गर्दीच्या पॅरिशांत एवढं लिहायला वेळ कुणाला होता? तेव्हा तुमच्या नशिबी तो नाही.

चर्चच्या वहीने दगा दिला तर दोन कागद पाहते. एक मृत्युपत्रं. १८५८च्या आधी ती चर्चच्या न्यायालयात सिद्ध होत. यॉर्कशायर बाजूची यॉर्कला, आज ती तिथल्या विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. लँकेशायर बाजूची चेस्टरला सिद्ध झालेली आज प्रेस्टनच्या लँकेशायर अभिलेखागारात. घरी एक-दोन माग आणि डोंगरावर चार गायी एवढी ऐपत असलेला विणकरही कधीकधी मृत्युपत्र करून जातो आणि त्यात मुलीजावयांची नावं देतो. दुसरे कागद गरिबांना मदत देण्यासंबंधीचे. १६६२च्या कायद्यापासून उत्तरेकडे ही जबाबदारी टाउनशिपवर होती. बाहेरून आलेला माणूस अडचणीत आला की ‘तू मूळचा कुठला’ याची जबानी घेत आणि त्याला मूळ टाउनशिपमध्ये परत धाडत. त्या जबानीत कधी अख्खं आयुष्य असतं. सगळ्यांच्या वाट्याला असा कागद येत नाही, आला तर सोनं.

मुंबईची बाजूही अजून संपलेली नाही. बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत, आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा दिसतात. लग्नाचं मिळालंय तसे सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढा. प्रत्येकात मधली नावं पाहा. पणजोबांचं दफन पाहा, शिवडीला असेल तर थडग्यावरचा मजकूरही. दगडावर जन्मगाव कोरण्याची हौस परदेशात मेलेल्यांच्या घरच्यांना असते. लग्नाचे साक्षीदार कोण हेही पुन्हा वाचा, त्याच गिरणीतला एखादा गाववाला असण्याची शक्यता मोठी. जहाजाच्या प्रवासी याद्यांत मात्र वेळ घालवू नका. इंग्लंडहून बाहेर जाणाऱ्यांच्या टिकलेल्या याद्या १८९०पासूनच्या आहेत, तुमचे पणजोबा त्याआधीच पोचले होते.

तर क्रम असा: आधी मुंबईचे उरलेले कागद, मग १८५८ ते १८६३ची जन्मसूची दोन्ही परगण्यांसाठी, मग मृत्यू आणि १८७१, ८१, ९१ लावून काट, उरलेल्याची जन्मनोंद, त्यातून टाउनशिप, मग पंथ, आणि सगळ्यात शेवटी वही. फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी, फ्रीरेग आणि लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स ही चारही संकेतस्थळं विनामूल्य आहेत. यॉर्कशायर बाजूच्या वह्यांच्या प्रतिमांसाठी अँसेस्ट्री हे वर्गणीचं संकेतस्थळ लागेल. वर्गणी एका महिन्याचीच घ्या, आणि वरची यादी तयार झाल्यावरच, नाहीतर महिना नुसता भटकण्यात जातो. तिथे दुसऱ्यांनी लावलेल्या तयार वंशावळी दिसतील. इशारा म्हणून बघा, उतरवून घेऊ नका. भिंतीवरच्या माझ्या त्या चौकटीसारख्या कितीतरी तिथे टांगलेल्या आहेत. कॅल्डरडेल फॅमिली हिस्ट्री सोसायटीने दगडांवरच्या मजकुरांचं मोठं काम केलं आहे, टाउनशिप कळल्यावर त्यांना जरूर लिहा.

आणि हो, सासूबाईंकडे पणजोबांच्या तरुणपणीचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो फ्रेममधून काढून पाठ पाहा. त्या काळचे स्टुडिओ मागे आपलं नाव आणि गाव छापत. हेब्डन ब्रिज असेल, रॉचडेल असेल, नाहीतर टॉडमॉर्डनचाच एखादा रस्ता. जे असेल ते मला कळवा, म्हणजे नदीच्या कोणत्या बाजूने सुरुवात करायची ते सांगते.